पडलेला ओक : जळणापासून धुरीपर्यंत

अमेरिकेच्या पूर्व भागात, ॲपलाचियन डोंगरांपासून मिसूरीतल्या ओझार्क टेकड्यांपर्यंत, रुंद पानांच्या झाडांची विस्तीर्ण जंगले आहेत. ओक, हिकरी, मेपल, ॲश, बीच, काळी चेरी, काळा अक्रोड ही तिथली मुख्य झाडे. वादळाने, बर्फाच्या भाराने, किडीने किंवा नुसत्या वयाने यातली असंख्य झाडे दरवर्षी आडवी होतात. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवा राज्यावरून गेलेल्या ‘डेरेचो’ या प्रकारच्या वादळी वाऱ्याने सेडर रॅपिड्स शहरातली निम्म्याहून अधिक झाडांची सावली एका दिवसात नाहीशी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडील डोंगरांतली जंगलेच्या जंगले झोपवली. अशा पडलेल्या झाडांचे लाकूड तिथे प्रामुख्याने दोन कामांना येते. हिवाळ्यात घर उबदार ठेवायला ते शेगडीत जळते आणि मांस धुरावर मंद शिजवायला त्याची धुरी लागते. या दोन्ही कामांसाठी झाड कापून ठेवणे पुरत नाही. झाडात साठलेले पाणी बाहेर काढणे हे खरे काम, आणि त्याला कुऱ्हाडीपेक्षा वेळ जास्त लागतो.

लाकडाच्या व्यापारात झाडांचे दोन मोठे वर्ग करतात. एक रुंदपानी झाडांचा, दुसरा पाइन, स्प्रूस, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचा. ओक, हिकरी, मेपल पहिल्या वर्गात येतात. आपल्याकडचे साग, बाभूळ, आंबा, खैर हेही त्याच वर्गातले. जळणाच्या दृष्टीने दोहोंत दोन फरक महत्त्वाचे आहेत. पहिला घनतेचा. वाळलेल्या पांढऱ्या ओकचे एक घनमीटर लाकूड सुमारे ७५० किलो भरते, शॅगबार्क हिकरीचे ८०० किलोच्या आसपास, काळ्या चेरीचे साधारण ५६० किलो, तर पूर्वेकडच्या पांढऱ्या पाइनचे जेमतेम ४०० किलो. वजनावर मोजले तर सर्व लाकडांतली उष्णता जवळजवळ सारखीच असते. एक किलो पूर्ण कोरड्या लाकडातून १९-२० मेगाज्यूल उष्णता निघते. पण शेगडीत जागा मोजकीच असते आणि त्याच जागेत ओकचे जवळजवळ दुप्पट जळण मावते. रात्री झोपताना घातलेले हिकरीचे लाकूड पहाटेपर्यंत निखारा धरून ठेवते, पाइन भडकून लवकर विझतो. दुसरा फरक राळेचा. सूचिपर्णी झाडांत राळ असते. ती जळताना काळा, काजळीचा धूर निघतो आणि अन्नाला कडवट वास लागतो. म्हणून शेगडीत एक वेळ पाइन चालतो, धुरीसाठी मात्र कोणी वापरत नाही.

झाड पडले म्हणून ते कोणीही उचलावे असे नसते. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. अमेरिकेच्या वनखात्याच्या राष्ट्रीय वनांत घरगुती जळणासाठी परवाना काढावा लागतो. कोणते लाकूड घ्यायचे, किती घ्यायचे, रस्त्यापासून किती आत जायचे याचे नियम प्रत्येक वनाचे वेगळे असतात. बहुतेक ठिकाणी मेलेली व पडलेली झाडेच घेता येतात. झाड पाहिल्याबरोबर त्याचे जळण करण्याची घाईही नको. पांढऱ्या ओकच्या सरळ, निरोगी बुंध्यापासून व्हिस्कीची पिंपे होतात आणि काळ्या अक्रोडाच्या बुंध्याला फर्निचरवाले चांगला भाव देतात. असा बुंधा आधी लाकूडगिरणीला दाखवावा आणि फांद्या जळणाला ठेवाव्यात. घराच्या अंगणातले झाड असेल तर गिरणीवाले बहुधा ते घेत नाहीत. वर्षानुवर्षे ठोकलेले खिळे आणि कपडे वाळत घालायच्या तारा अशा लाकडात गडप झालेल्या असतात आणि त्यांनी करवतीचे पाते मोडते.

पडलेले झाड किती काळ कामाचे राहते हे ते कसे पडले आहे त्यावर ठरते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी हवे असते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. त्याहून अधिक पाणी असेल तरच बुरशी फोफावते. फांद्यांवर टेकून जमिनीपासून उचललेला बुंधा वाऱ्यावर राहतो आणि दोन-तीन वर्षांनीही आतून ठणठणीत निघू शकतो. पानांच्या ओल्या थरात पडलेला बुंधा मात्र खालच्या बाजूने लवकर भुसभुशीत होतो. आधी कुजते ते सालीलगतचे कोवळे लाकूड. गाभ्याचे लाकूड जास्त टिकते, पण प्रत्येक जातीचे सारखे नाही. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे त्यात पाणी सहज शिरत नाही. पिंपांसाठी तोच ओक घेतात तो याच गुणासाठी. तांबड्या ओकच्या नळ्या उघड्या असतात. त्याची काडी एका टोकाने पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकली तर बुडबुडे येतात. असा ओक जमिनीवर पडून राहिला तर लवकर सडतो. ब्लॅक लोकस्ट हे झाड तर इतके चिवट की त्याचे कुंपणाचे खांब जमिनीत कित्येक दशके टिकतात.

झाड कामाचे आहे की नाही हे कुऱ्हाडीच्या एका घावात कळते. घाव घातल्यावर खणखणीत आवाज आला आणि पाते उसळले तर लाकूड चांगले. पाते धप्पकन रुतले, तंतू ओढल्यासारखे निघाले आणि वास मातीचा आला, तर त्या भागातली ताकद बुरशीने खाल्लेली असते. असे लाकूड वाळल्यावर हलके पडते आणि त्याची धग जातीच्या लाकडाच्या निम्मीही राहत नाही. सालीवर आळिंब्या उगवलेल्या दिसल्या म्हणजे आत काय असणार हे उघड आहे.

कापणीचे काम हा या साऱ्यातला सर्वांत धोक्याचा भाग. उभे झाड तोडण्यापेक्षा पडलेले झाड कापणे सोपे, असे अनेकांना वाटते. अनुभवी लाकूडतोडे याच्या उलट सांगतात. उभ्या झाडाचा भार कुठे आहे हे दिसते. पडलेल्या झाडाचा भार फांद्यांवर, दगडांवर, शेजारच्या झाडांवर विखुरलेला असतो आणि लाकूड धनुष्यासारखे ताणलेले असू शकते. बुंधा दोन टोकांना टेकून मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी वरून सरळ कापत गेले की फट मिटते आणि करवत अडकते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने थोडे कापायचे आणि मग ताणाच्या बाजूने, म्हणजे खालून वर, काप पुरा करायचा. बुंध्याचे टोक अधांतरी असेल तर हिशेब उलटतो. मोठ्या झाडाखाली दबून कमानीसारखे वाकलेले कोवळे झाड सर्वांत फसवे. ते एका झटक्यात कापले तर सुटलेल्या धनुष्यासारखे तोंडावर येते. त्याला आतल्या बाजूने थोडे थोडे तासत त्याचा ताण सावकाश सोडवावा लागतो.

मुळासकट उपटलेल्या झाडाचा धोका वेगळा. मातीसह उभा राहिलेला मुळांचा गड्डा कित्येक टन वजनाचा असतो आणि बुंध्याच्या भारानेच तो तसा थांबलेला असतो. बुंधा कापून वेगळा झाला की तो गड्डा धाडकन मागे, आपल्या खड्ड्यात, बसू शकतो. त्या खड्ड्यात कोणी, विशेषतः एखादे मूल, नाही ना, हे काप घेण्यापूर्वी पाहावेच लागते. उतारावर काम करताना कापणाऱ्याने वरच्या अंगाला उभे राहायचे, कारण तुटलेला ओंडका खाली गडगडतो. शेजारच्या झाडांत लटकलेल्या तुटक्या फांद्यांकडेही आधी नजर टाकायची. झाडात विजेची तार अडकली असेल तर त्याच्या जवळही जायचे नाही. वीज कंपनीची माणसे येऊन पुरवठा तोडला असे सांगेपर्यंत ते झाड हात लावण्याचे नसते.

आज हे काम बहुतेक ठिकाणी चेनसॉने होते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत केली आणि पुढे पेट्रोलवर चालणारी यंत्रे आली. पण सुरुवातीच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे होते. ते लवकर बोथट होत आणि वारंवार घासावे लागत. ओरेगॉनमधल्या जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये जळण फोडताना एका बुंध्यात भुंग्याची जाड अळी लाकूड कुरतडताना पाहिली. ती आपल्या जबड्याच्या दोन धारांनी डावीकडे-उजवीकडे, तंतूंना आडवे आणि त्यांच्या लांबीनेही, लाकूड पोखरत होती. कॉक्सने तसेच आलटून-पालटून डाव्या-उजव्या वळणाचे दात साखळीवर बसवले आणि १९४७ मध्ये ती साखळी विकायला काढली. आजच्या जवळजवळ सर्व चेनसॉच्या साखळ्या त्याच आराखड्याच्या आहेत.

या यंत्राचा मोठा धोका म्हणजे उसळी. करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणार्धात वर आणि मागे, कापणाऱ्याच्या तोंडाकडे, फेकले जाते. पडलेल्या झाडाच्या फांद्यांच्या जंजाळात हे टोक नकळत कशाला तरी लागण्याची शक्यता फार. म्हणून दोन्ही हातांनी घट्ट पकड, अंगठा दांडीभोवती, खांद्याच्या वर कधीही कापायचे नाही, आणि उसळी आली की साखळी थांबवणारा ब्रेक चालू आहे याची रोज खात्री, हे नियम सोडून चालत नाही. पायांवर बांधायच्या खास संरक्षक पट्ट्यांत बळकट धाग्यांचे थर असतात. साखळी त्यांना लागली की धागे चाकात गुंततात आणि यंत्र जागीच थांबते. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी आणि कानांवर आवरण हेही त्याच यादीत येते. आणि एकट्याने हे काम करू नये.

बुंध्याचे तुकडे शेगडीच्या मापाने पाडतात. अमेरिकेत बहुतेक शेगड्यांना १६ इंची लाकूड चालते. जमिनीला टेकेपर्यंत कापत गेल्यास साखळी मातीत जाते आणि एका क्षणात बोथट होते. म्हणून ओंडका तीन-चतुर्थांश कापून मग पहारीने फिरवायचा आणि उरलेला भाग वरून कापायचा. तुकडे झाले की ते फोडायचे. ओक ओला असतानाच चांगला फुटतो. त्याच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या चकचकीत रेषा असतात, त्या रेषेवर जड कुऱ्हाडीचा घाव बसला की तुकडा टप्प असा आवाज करून उघडतो. टोकावर आधीच पडलेली चीर दिसत असेल तर घाव तिच्यावरच घालायचा. गाठ असलेला भाग मात्र दुसऱ्या बाजूने फोडावा, नाहीतर पाचर आणि घण काढावे लागतात. एल्म आणि स्वीटगम या झाडांचे तंतू एकमेकांत विणल्यासारखे असतात. ते कुऱ्हाडीने फोडायचे म्हणजे शक्तीचा अपव्यय. त्यांना हायड्रॉलिक यंत्रच लावतात. कडाक्याच्या थंडीत गोठलेले लाकूड ठिसूळ होते आणि सहज फुटते, म्हणून उत्तरेकडचे लोक पडलेली झाडे जानेवारी-फेब्रुवारीत फोडून ठेवतात.

आता वाळवण. नुकत्याच पाडलेल्या उत्तरेकडील तांबड्या ओकच्या गाभ्यात १०० किलो कोरड्या लाकडामागे सुमारे ८० किलो पाणी असते. पांढऱ्या ॲशमध्ये हे प्रमाण केवळ ४५ किलोच्या आसपास, म्हणूनच ॲश लवकर जळणाला येते. झाडातले पाणी मुळापासून शेंड्याकडे नळ्यांतून चढत होते. कापल्यावरही ते मुख्यत्वे त्याच वाटेने, म्हणजे दोन्ही टोकांतून, बाहेर पडते. सालीतून ते फारसे जात नाही. त्यामुळे लांब ओंडका वर्षानुवर्षे पडून राहिला तरी आतून ओलाच राहतो आणि तोच आखूड कापून फोडला की वाळू लागतो. वादळात पडून दोन वर्षे झालेले झाड ‘वाळलेले’ म्हणून विकले जाते, तेव्हा घेणाऱ्याने एक तुकडा फोडून आतला भाग पाहिलाच पाहिजे. वाळताना लाकूड आकसते आणि वलयांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. त्या ओढाताणीतच टोकांवर चांदणीसारख्या चिरा पडतात.

लाकडाची चवड जमिनीवर न रचता आडव्या दांड्यांवर रचतात, म्हणजे खालून वारा खेळतो आणि तळाची लाकडे कुजत नाहीत. माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू मोकळ्या. सगळी चवड ताडपत्रीने गुंडाळून ठेवणे ही फार मोठी चूक. आत वाफ कोंडून लाकडावर बुरशी चढते. ॲश आणि चेरी साधारण वर्षभरात वाळतात, ओकला दोन उन्हाळे द्यावे लागतात, जाड लाकडांना तीनही. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड तयार झाले असे मानतात. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते. त्याच्या दोन सुया लाकडाच्या बाहेरच्या भागात न टोचता नुकत्याच फोडलेल्या आतल्या पृष्ठभागात टोचायच्या, नाहीतर आकडा फसवा येतो. यंत्र नसेल तर दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहावीत. वाळलेली लाकडे टणत्कार करतात, ओली थप्प वाजतात.

ओले लाकूड जाळल्याने नुकसान किती? एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. पण खरा तोटा त्याहून मोठा आहे. वाफेमुळे शेगडीतले तापमान उतरते आणि लाकडातून निघालेले वायू न जळताच धुराड्यात जातात. धुराड्याच्या थंड भिंतीवर ते गोठून काळे, चिकट डांबरासारखे किटण साचते. हे किटण एके दिवशी पेट घेते आणि धुराड्यात लागलेली आग छतापर्यंत पोचते. अमेरिकेत हिवाळ्यातल्या घरांच्या आगींमागे हे एक ठळक कारण आहे. म्हणून दर वर्षी धुराडे साफ करून घेण्याचा सल्ला देतात. धुराचे सूक्ष्म कण शेजाऱ्यांच्याही फुप्फुसात जातात. १९८८ पासून तिथल्या पर्यावरण खात्याने नव्या शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातली आणि पुढे ती आणखी कडक केली. चांगली शेगडी आणि वाळलेले लाकूड या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ती मर्यादा पाळली जाते.

जळणाचे माप ‘कॉर्ड’. ४ फूट उंच, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट अशी ही चवड. लाकडांमधल्या फटी वजा केल्या तर त्यात प्रत्यक्ष लाकूड ८० ते ९० घनफूट असते. वाळलेल्या ओकची एक कॉर्ड दीड टनाहून जड भरते. बाजारात ‘फेस कॉर्ड’ नावाने ४ फूट उंच, ८ फूट लांब आणि एकाच लाकडाच्या रुंदीची रास विकतात. १६ इंची लाकूड असेल तर ती पूर्ण कॉर्डची एक-तृतीयांशच असते. नवख्या गिऱ्हाइकाने भाव विचारताना मापही विचारावे.

धुरीचे लाकूड ही याच लाकडातून निवडून काढलेली वस्तू. लाकूड मुख्यतः तीन घटकांचे बनलेले असते: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. तापत गेल्यावर ते वेगवेगळ्या टप्प्यांत फुटतात. हेमिसेल्युलोज २०० अंश सेल्सियसच्या पुढे लवकर मोडते आणि त्यातून आम्ले व मांसावर तपकिरी रंग चढवणारे पदार्थ निघतात. लिग्निन उशिरा आणि जास्त तापमानाला मोडते. त्यातून ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही संयुगे निघतात. धुरकट चव मुख्यतः पहिल्याची, धुराचा सुगंध दुसऱ्याचा. सूचिपर्णी झाडांच्या लिग्निनमध्ये सिरिंगोल देणारा भाग जवळजवळ नसतोच. रुंदपानी झाडांच्या धुराचा वास गोडसर आणि खोल का येतो, याचे उत्तर इथे आहे. धुराच्या वायूंतले नायट्रोजनचे ऑक्साइड मांसातल्या रंगद्रव्याशी जुळून कडेला जे गुलाबी वलय उमटवतात, त्याला खवय्ये फार मान देतात. चवीशी त्याचा मात्र संबंध नाही.

कोणते लाकूड वापरायचे हे अमेरिकेत प्रांताप्रांताने बदलते आणि त्यामागे चवीइतकेच त्या भागातले जंगलही आहे. टेनेसी, मिसूरी, केंटकी या भागात हिकरी मुबलक, म्हणून तिथला धूर हिकरीचा. नॉर्थ कॅरोलायनात अख्खे डुक्कर भाजताना ओक आणि हिकरी आधी लोखंडी पिंपात जाळून त्यांचे निखारे करतात आणि तेच फावड्याने मांसाखाली पसरतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तिच्या वाफेने चव येते. ही पद्धत घडवण्यात गुलामगिरीत राबलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांचा वाटा मोठा आहे. रात्रभर खड्ड्याशी बसणारी माणसे बहुतकरून तीच होती. मध्य टेक्सासमध्ये पोस्ट ओक हे झाड राज्य करते. तिथल्या जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांत विकून न संपलेले मांस धुरावर ठेवण्याची रीत होती, तिच्यातून गोमांसाच्या छातीच्या भागाचा ब्रिस्केट हा प्रकार प्रसिद्ध झाला. लॉकहार्ट या छोट्या गावाला १९९९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून घोषित केले. सफरचंद आणि चेरीच्या लाकडाचा धूर सौम्य, तो कोंबडी व डुकराच्या मांसाला देतात. पेकन हे हिकरीच्याच कुळातले, धूर जरा गोडसर.

टेक्सासच्या पश्चिम भागात मेस्किट वापरतात. त्याचा धूर तिखट, जहाल. पटकन भाजायच्या मांसाला तो शोभतो, बारा तासांच्या शिजवणीला अति होतो. हे मेस्किट आपल्याला ओळखीचे आहे. महाराष्ट्रात विलायती बाभूळ किंवा वेडी बाभूळ म्हणून सगळीकडे माजलेले झाड त्याच प्रोसोपिस प्रजातीतले, मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आणले गेले. मराठवाडा, सोलापूर, नगरच्या कोरड्या भागात त्याचेच सरपण आणि कोळसा पेटतो.

धुरीच्या लाकडासाठी ओलाव्याचे गणित थोडे वेगळे आहे. १५ ते २० टक्के पाणी असलेले लाकूड सर्वांत उपयोगी. अगदी कोरडठाक लाकूड भडकून जाते. ओले लाकूड धुमसते आणि पांढरा, दाट, कडू धूर सोडते, तो मांसावर काळा थर चढवतो. चांगल्या धुरीचा धूर पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा असतो. तो मिळवायचा तर आग छोटी, पण नीट पेटलेली ठेवायची आणि हवा भरपूर द्यायची. आचारी दर पाऊण तासाने मनगटाएवढे एक लाकूड आगीवर ठेवतो. ते आधी शेगडीच्या माथ्यावर तापवून घेतले तर ठेवल्याबरोबर पेट घेते आणि धुमसत बसत नाही. धुरीच्या भट्टीचे तापमान ११० ते १३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखतात आणि ब्रिस्केटला बारा तास किंवा त्याहून अधिक लागतात. ढलप्या पाण्यात भिजवून घालण्याची सवय अनेकांना आहे, तिचा फायदा नाही. तासाभरात पाणी लाकडात जेमतेम वरवर मुरते आणि ते उडून जाईपर्यंत धूर सुरूच होत नाही.

धुरीला कोणते लाकूड घेऊ नये, हे अधिक काटेकोरपणे पाळावे. बुरशी चढलेले, कुजकट वासाचे लाकूड अन्नापासून दूरच. रंग, पॉलिश किंवा औषध लावलेले लाकूड, जुने रेल्वेचे स्लीपर आणि प्लायवुड यांचा धूर विषारी असतो. पडलेल्या झाडावर पॉयझन आयव्हीची वेल चढलेली असेल तर तिचा प्रत्येक तुकडा काढून टाकायचा. तिच्या धुराने घसा आणि फुप्फुसे सुजतात. कण्हेरीचे लाकूड तर शेगडीतही घालू नये. साल ठेवावी की सोलावी यावर आचाऱ्यांत वाद आहे. घट्ट, स्वच्छ साल राहिली तरी चालते. शेवाळलेली, माती धरलेली, सुटू लागलेली साल काढलीच पाहिजे.

सगळे पडलेले लाकूड उचलून नेणेही योग्य नाही. कुजणाऱ्या ओंडक्यात पावसाचे पाणी साठते, त्याखाली सॅलमँडर हे उभयचर प्राणी राहतात, त्यातल्या अळ्यांवर सुतारपक्षी जगतात आणि त्याच्या अंगावर नवी रोपे रुजतात. आधीच निम्मे कुजलेले ओंडके जळणाला तसेही निरुपयोगी असतात, ते जंगलालाच ठेवावेत. चांगल्या लाकडाची राख मात्र फुकट जात नाही. तिच्यात चुना आणि पोटॅश असते, आम्लधर्मी मातीत ती थोडी थोडी टाकता येते. राखेत निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढून घराबाहेर ठेवायची.

राहता राहिली लाकूड वाहून नेण्याची गोष्ट, आणि ती सर्वांत गंभीर आहे. बाहेरून आलेला रोग किंवा कीड अख्खे जंगल उद्ध्वस्त करू शकते. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये परदेशी बुरशीचा रोग पहिल्यांदा दिसला आणि पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेतले चेस्टनटचे अब्जावधी वृक्ष त्याने संपवले. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला, सव्वा सेंटिमीटरचा हिरवा चकाकता भुंगा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी वाटा पोखरतात, झाडाचा अन्नरस तुटतो आणि काही वर्षांत झाड मरते. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला शेकडो मैल पुढे नेले ते माणसाच्या गाडीतल्या जळणाने. आतापर्यंत कोट्यवधी ॲश वृक्ष गेले. सालीवर इंग्रजी डी या अक्षराच्या आकाराची बारीक भोके दिसली की तो तिथून बाहेर पडलेला आहे असे समजावे. ओकच्या मर रोगाची बुरशीही अशीच लाकडातून पसरते.

म्हणून कॅम्पिंगला जाताना घरचे लाकूड सोबत नेऊ नये. अनेक राज्यांतल्या उद्यानांत तसे करायला बंदीच आहे. मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या किंवा तिथेच राहणाऱ्या मराठी वाचकांनीही हा नियम पाळावा. लाकूड मुक्कामाच्या जवळच्या गावात विकत घ्यावे, उष्णतेने निर्जंतुक केल्याचा शिक्का असलेले मिळाले तर उत्तम, आणि उरलेले परत न आणता तिथेच जाळून संपवावे.